कॉलरवरचं पाप

"निघाला गं बाई! डाग निघाला!" सत्तर बायका एका दमात ओरडल्या आणि कारखान्याचे पत्रे दणाणले.

आमच्या शर्टांच्या कारखान्यात, कापड कापायच्या लांबलचक टेबलाशी महाराज बसले होते. पांढरा झगा, पांढरी शाल, समोर वाटीत पांढरं भस्म. महिनाभर पांढऱ्या शर्टांवर तेलाचे डाग पडत होते, माल परत येत होता, मालकांची झोप उडाली होती. तेव्हा आमच्या सुपरवायझरने हे रत्न शोधून आणलं. रत्न म्हणजे त्याचाच साडू, हे कळलं मागाहून.

"डाग कापडाला पडत नाही, बायांनो, हाताला पडतो!" महाराज घुमले. "निर्मळ हाताचा डाग माझं भस्म पिऊन टाकेल. पापी हाताचा डाग देवाच्या बापालाही निघायचा नाही!"

आमच्यात जी जे शिवते तेच तिचं नाव; आधी बाहीवालीची बाही पुढे झाली. डागावर भस्म भुरभुरलं, मग डोळे मिटून पुटपुटणं सुरू झालं. चांगली पंधरा मिनिटं. मग फुंकर, मग ब्रश, आणि डाग गायब! घेरवालीचा घेरही तसाच लख्ख. बटणवालीला तर रडूच कोसळलं. मग कॉलरवालीची कॉलर ठेवली.

तिचा डाग जागचा हलला नाही. पिवळट, बोटाच्या पेराएवढा.

"हीच ती!" सुपरवायझर म्हणाला. वाक्य खिशात तयारच होतं मेल्याच्या.

कॉलरवाली नवऱ्याने टाकलेली, पदरात शाळकरी लेक. मशीनमधून तेल गळतंय म्हणून तिने सुपरवायझरला तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा थेट मालकांना सांगितलं, हा तिचा गुन्हा. तिच्या शेजारची बाहीवाली खुर्ची सरकवून लांब बसली. मालक चुळबुळले आणि म्हणाले, "बाई, आजचा दिवस भरा. उद्यापासून दुसरीकडे बघा."

मी इस्त्रीवाली. माझी जीभ माझ्या इस्त्रीहून तापट, असं इथे सगळे म्हणतात. पण तेव्हा मीही गप्पच होते, खोटं कशाला बोलू?

जेवणाच्या सुट्टीत नळावर गेले तर कॉलरवाली मोरी घासायच्या ब्रशने स्वतःचे हात घासत होती. कातडी लालभडक झालेली.

"अगं, वेड लागलं का तुला?"

"ताई, मी हात धुऊनच बसते हो मशीनवर," ती म्हणाली. "तरी माझाच का नाही निघत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ब्रश हिसकावून मी फेकून दिला, आत जाऊन टेबलावरची ती कॉलर उचलली आणि उजेडात धरली. टोकं कशी कडक, नीट दाबलेली. दाबली कुणी? मीच!

बाही, घेर, बटण यांना डाग तपासून होईपर्यंत इस्त्री लागत नाही. कॉलरचं तसं नाही. ती शिवली, उलटवली की लगेच माझ्याकडे येते. वाफेने ओल्या झालेल्या कापडावर तेल दिसत नाही, मी वरून तापती इस्त्री दाबते आणि तेल धाग्यात भाजून बसतं. घरी लेकीला मी शंभरदा सांगते, तेलाच्या डागावर इस्त्री फिरवू नकोस. आणि इथे रोज तेच करत होते!

मग मी भस्म चिमटीत घेऊन चोळलं. खडू! ताजं तेल पिऊन टाकणारा, त्यासाठीच ते पंधरा मिनिटांचं पुटपुटणं. कटिंग मास्तर दोन दिवस खुणा करायचा खडू शोधत हिंडत होते, त्यांचा अख्खा डबा इथे कुटून ठेवलेला.

सुट्टी संपली, महाराज जेवून पुन्हा टेबलाशी बसले, सगळ्या जमल्या. मी मशीनच्या तेलाची कुपी घेतली आणि महाराजांच्या टेबलावर लोळणाऱ्या शालीच्या दोन्ही टोकांवर एकेक थेंब सोडला.

"अगं ए, काय करतेस!" महाराजांची वाणी एकदम माणसात आली.

"घाबरता कशाला? तुमच्यासारखं निर्मळ कोण आहे?" एका टोकावर मी खडू दाबला. दुसऱ्यावर आधी चरचरीत इस्त्री फिरवली, मग खडू.

"आता म्हणा मंत्र."

"मंत्राची ही वेळ नव्हे," महाराज म्हणाले.

"मग मी म्हणते. एक शर्ट, दोन शर्ट, तीन शर्ट..." पंधरा मिनिटं मी शर्ट मोजत राहिले. आधी बायका हसल्या, मग एकेक पुढे सरकून शालीकडे बघू लागली. खडू झटकला. पहिलं टोक स्वच्छ. दुसऱ्यावर पिवळट डाग, बोटाच्या पेराएवढा.

"बोला महाराज, तुमचं अर्धं अंग पापी का?"

महाराजांनी शाल गुंडाळली आणि दार गाठलं. मेकॅनिकने कॉलरचं मशीन उघडलं तर तेल अडवणारं आतलं रबर फाटलेलं, तेल थेट सुईवर उतरत होतं. बाकीच्या मशीनांचंही थोडंफार तेच.

"गैरसमज झाला," सुपरवायझर पुटपुटला. गैरसमज! एका बाईच्या ताटातली भाकरी काढायला निघाला होतास, आणि गैरसमज?

"बाई, उद्या या कामावर," मालक खाली बघत म्हणाले.

"तिच्या तोंडाकडे बघून सांगा," मी म्हटलं. त्यांना सांगावं लागलं. मग मी कॉलरवालीकडे वळले. "डाग मशीनने पाडला, पक्का केला मी. माफ कर."

तिने सोललेले हात पदरात लपवले. "ताई, मला खरंच वाटायला लागलं होतं, माझ्या हातातच काहीतरी आहे."

तो डाग आम्ही दोघींनी मिळून काढला. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, पुन्हा साबण, असं तीनदा. मंत्र एकही नाही. तिचे हात बरे व्हायला पंधरवडा लागला.

म्हणून माझं सांगणं एवढंच. तेल सांडलं तर खडूची पूड टाका, थांबा, साबण लावा, आणि डाग जाईपर्यंत इस्त्री लांब ठेवा. कुणी बाईच्या हाताकडे बोट दाखवून पाप म्हणालं, तर खुर्ची सरकवून लांब बसू नका. उठा आणि आधी विचारा, तेल कुठून गळतंय?