पाठ असलेले माप

मित्रांनो, मला नाव नाही, नंबर आहेत. एक ते तीस. मी सोनाराच्या दुकानातला मापाच्या कड्यांचा एक जुना जुडगा आहे. एका मोठ्या गोल तारेत ओवलेल्या तीस बारीक कड्या, म्हणजे मी. पहिली कडी तान्ह्या बाळाच्या बोटाची, तिसावी पैलवानाच्या अंगठ्याची. अंगठी करायला कोणी आले की आधी मला खिळ्यावरून काढतात. एकेक कडी बोटात घालून बघतात, जी बसेल तिचा नंबर कागदावर लिहितात आणि मला पुन्हा खिळ्याला अडकवतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे कड्या घासणारी एक बाई होती. ती प्रत्येक कडीच्या आतून करंगळी फिरवून बघायची. जराशी खरखर लागली की पुन्हा घासायची. "बोट सोन्याहून नाजूक असतं गं," असे ती शेजारणीला म्हणाल्याचे मला आठवते. एवढेच माझे बालपण. मग पुठ्ठ्याचा खोका, आत काळोख, आणि झाकण उघडले तेव्हा वर सोनाराचा, म्हणजे माझ्या कारागिराचा चेहरा.

दुकान अर्धे कारागिराचे होते, अर्धे घड्याळवाल्याचे. एकच दार, एकच खिडकी, मध्ये कमरेइतकी फळी. कारागिराच्या बाकाला खालून चामड्याची झोळी बांधलेली असे, सोन्याचा कीस सांडू नये म्हणून. त्याची जीभही तशीच झोळीत बांधलेली. दिवसाकाठी चार वाक्ये बोलला तर डोक्यावरून पाणी. घड्याळवाला मात्र दोघांच्या वाटणीचे बोलायचा. माझा खिळा बाकाच्या डाव्या हाताला होता. गिऱ्हाईक गेले की कारागीर कधी कधी माझ्याकडे पाहून म्हणायचा, "यानं मला आजवर खोटं पाडलेलं नाही." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षे काढली.

कारागिराची बायको लवकर गेली. मागे एक लेक. तिला तो ठकी म्हणायचा. शाळा सुटली की ठकी बाकाखाली येऊन बसायची आणि माझ्या तीसच्या तीस कड्या तारेतून काढून दहा बोटांत तीन तीन घालायची. हात वर करून म्हणायची, "बाबा, मी राणी!" आणि हात वर केला की सगळ्या कड्या खळखळत खाली. मित्रांनो, तो आवाज मला फार आवडायचा. पडल्यावर ती मला पुन्हा क्रमाने ओवायची, आणि त्या वेळी मला मुळीच एकटे वाटत नसे.

ती सोळा वर्षांची झाली तेव्हा कारागिराने तिला चांदीची अंगठी करून दिली. माप निघाले बारा. त्याने ते कागदावर लिहिले नाही. "हे कशाला लिहायचं," म्हणाला.

पुढे दोघांचे बिनसले. त्याची इच्छा होती की तिने बाकावर बसावे, कला पुढे न्यावी. तिला मान मोडून बसायचे नव्हते. तिने दूरच्या गावी मैत्रिणीबरोबर धुलाईचा व्यवसाय काढला. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, गाद्यांचे अभ्रे. जाताना ती दारात उभी राहिली होती. कारागीर कानस चालवत राहिला. त्याने मान वर केली तेव्हा दार रिकामे होते. मग आठ वर्षे झाली. त्या आठ वर्षांत त्याने माझ्याकडे पाहून एकदाही काही म्हटले नाही.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी ठकी दुकानात आली. खांद्याला पिशवी, केस घट्ट बांधलेले. घड्याळवाला उठून उभाच राहिला.

"अगं ठके, वाट चुकलीस की काय?"

"नाही काका. गिऱ्हाईक म्हणून आलेय." मग ती कारागिराकडे वळली. "बाबा, माझं लग्न आहे. पुढच्या महिन्यात. अंगठी हवीय, तुमच्या हातची."

कारागिराने चष्मा काढला, पुसला, घातला. लग्न कोणाशी, कुठे, हे त्याने विचारले नाही. तिनेही "लग्नाला या" म्हटले नाही. त्याने ड्रॉवर ओढून काउंटरवर निळ्या कापडाचा तुकडा अंथरला आणि त्यावर एकेक नमुना मांडू लागला. पिवळे सोने, तांबूस सोने, पांढरे सोने, चांदीची पट्टी. जणू मुलीला एकामागून एक ताटे वाढत होता.

"हे बावीस कॅरेटचं. याला तोड नाही."

"मऊ पडेल, बाबा. दिवसभर ओल्या चादरी ओढते मी. महिन्याभरात बदामासारखी चपटी होईल."

"मग अठराचं घे. कडक असतं."

"त्याला ब्लीच खातं."

"सोन्याला काही खात नाही," कारागीर म्हणाला.

ठकीने मान हलवली. "आईची अंगठी घालून काम करत होते. सहा महिन्यांत सांधा काळा पडला आणि उकलला. मशीनमध्ये गेली. चार दिवस पाइप उघडून शोधली. नाही मिळाली."

मला वाटले, आता हा ओरडेल. पण त्याने चांदीची पट्टी उचलून परत ड्रॉवरमध्ये ठेवली. ती काळी पडणार हे त्याला सांगावे लागले नाही.

"मग कशाची करू? लाकडाची?"

"स्टीलची."

"स्टीलची!" कारागिराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग माझ्याकडे कशाला आलीस? घरातला एखादा चमचा वाकव आणि घाल बोटात."

"चमचा वाकतो, बाबा. मला न वाकणारी हवीय. आणि काढून ठेवावी लागणार नाही अशी."

घड्याळवाला पलीकडून खुदकन हसला. "सोनारानेच कान टोचावे म्हणतात. इथे लेकीनं सोनाराचेच टोचले."

"तू तुझं घड्याळ बघ," कारागीर म्हणाला. पण रुंद पट्टी की बारीक, चकचकीत की धुरकट, हे त्याने नीट विचारून घेतले. तिने रुंद सांगितली, धुरकट सांगितली. शेवटी तिने डावा हात काउंटरवर, त्या निळ्या कापडावर ठेवला. बोटे पसरून. माप घ्यायला.

मी खिळ्यावर तयार होतो. हाताच्या अंतरावर. कारागिराने माझ्याकडे पाहिले, मग त्या हाताकडे. त्याचे बोट थोडे हलले. आठ वर्षांनी तो हात धरायचा होता, आणि ते त्याला जमेना. तो म्हणाला, "राहू दे. तुझं माप पाठ आहे मला."

हात आणखी क्षणभर तिथेच राहिला. मग तिने तो उचलून पिशवीच्या पट्ट्यावर ठेवला. "बरं," म्हणाली आणि गेली.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. मी त्या बोटांची जाड झालेली पेरे पाहिली होती. पण खिळ्यावरच्या जुडग्याला वाऱ्याने हलण्यापलीकडे काय करता येते?

कारागिराचा स्टीलवर विश्वास बसत नव्हता. त्याने ब्लीचची बाटली आणली, तीन वाट्यांत पाणी कालवले. एकीत सोन्याची सांधलेली तार, एकीत चांदी, एकीत स्टीलचा तुकडा. रोज सकाळी भिंगातून बघायचा. दहाव्या दिवशी सोन्याचा सांधा चिमट्याने धरताच सुटला. स्टीलचा तुकडा होता तसाच. कारागीर ती तुटकी तार हातावर घेऊन बराच वेळ बसून राहिला.

मग तो गल्लीच्या टोकाला, धातू कातणाऱ्या लेथवाल्याकडे गेला. पन्नास वर्षांच्या सोनारकीत तो पहिल्यांदा दुसऱ्याच्या यंत्रापुढे उभा होता. हे सगळे मला घड्याळवाल्याच्या तोंडून कळले. लेथवाल्याने विचारले, "आतलं माप?" आणि हा पठ्ठ्या पापणी न लववता म्हणाला, "बारा."

अंगठी आली. कारागिराने तिच्या कडा तीन दिवस घासल्या. स्टील सोन्यासारखे ऐकत नाही. त्याच्या बोटांना फोड आले. आतून त्याने करंगळी फिरवून पाहिली, पुन्हा घासली, पुन्हा पाहिली. मी ओळखले, हा माझ्या कारखान्यातल्या बाईसारखाच आहे. धुक्याच्या रंगाची, जड, सुरेख अंगठी झाली. इतके काम त्याने सोन्यावरही कधी केले नव्हते.

ठकी शनिवारी आली. लग्न बुधवारी होते. तिने अंगठी उजेडात धरली आणि तिचा चेहरा उजळला. "बाबा, किती सुंदर केलीत!"

मग तिने ती बोटात घातली. दुसऱ्या पेरापाशी अंगठी थांबली. तिने फिरवली, दाबली. कारागिराने साबणाचे पाणी आणले. पेर लाल झाले, अंगठी जागची हलेना.

"सोन्याची असती तर दोन मिनिटांत ठोकून वाढव..." घड्याळवाल्याने वाक्य अर्ध्यावर गिळले.

सोने वाढते. स्टील वाढत नाही. हे दुकानात सगळ्यांत चांगले कारागिरालाच ठाऊक होते. तो खुर्चीवर बसला.

"बारा," तो म्हणाला. "बाराच होतं."

"तेव्हा मी सोळा वर्षांची होते, बाबा." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे, असे मला वाटले. "तुम्ही विचारायचं होतंत. हात पुढे केला होता मी."

तिने अंगठी बोटातून सोडवून निळ्या कापडावर ठेवली आणि पिशवी उचलली. आता ही जाणार, आणि पुन्हा आठ वर्षे जाणार, हे मला दिसत होते. कारागिरालाही दिसले असावे. कारण तो उठला आणि त्याने मला खिळ्यावरून काढले.

"आण," तो म्हणाला. "आण हात."

ती उभीच. मग तिने हात दिला.

त्याने तो तळहातावर घेतला. आधी बारा नंबरची कडी लावली, आपली चूक स्वतः बघावी तशी. मग तेरा.

"हे काय आहे? हा डाग?"

"वाफेनं भाजलं. पहिल्या वर्षी."

चौदा. "आणि हे?"

"इस्त्रीच्या रोलरमध्ये सापडलं होतं. नख गेलं, परत आलं."

"कोणी होतं का तेव्हा जवळ?"

"मैत्रीण होती."

पंधरा. पंधरा पेरावर अडकली. तिथे त्याने बोट दाबून पाहिले. "दुखतं?"

"थंडीत दुखतं."

सोळा जोर लावल्यावर गेली. सतरा सहज बसली, तरी त्याने ती काढली नाही. तिचा हात त्याच्या हातात तसाच होता, आणि मी त्या दोघांच्या मध्ये. माझ्या धातूला ऊब चढली. घड्याळवाला उगाच एका बंद घड्याळाला किल्ली देत बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो गप्प होता.

"सतरा," कारागीर शेवटी म्हणाला. "पट्टी रुंद आहे, घट्ट बसेल, म्हणजे अठराची करायला हवी." आणि त्याने ते कागदावर लिहिले. "पण लेथ सोमवारपर्यंत बंद. घासायला एक दिवस. तुझ्या हाती बुधवारच्या आधी पोचत नाही."

ठकीने कागदाकडे पाहिले, मग त्याच्या फोड आलेल्या बोटांकडे. "मग बुधवारी घेऊनच या," ती म्हणाली. "अकरा वाजता. उशीर करू नका, तुमची सवय आहे."

बुधवारी काय झाले ते मी पाहिले नाही. मी खिळ्यावर होतो, दुकानाला कुलूप होते आणि खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकत होता. दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्याने विचारले, "बसली का?"

"बसली," कारागीर म्हणाला आणि कानस हातात घेतली. एवढीच बातमी मला मिळाली.

आता दुकान राहिलेले नाही. त्या जागी काचेचे दार आले आहे. माप घ्यायला म्हणे यंत्र आहे, बोट घातले की नंबर दाखवते. कारागिराला आता अंधुकच दिसते. त्याच्या खोलीत पलंगाजवळच्या खिळ्याला मी लटकतो. माझी तार गंजली आहे. चार कड्या कुठे हरवल्या ते मला माहीत नाही. दिवसचे दिवस जातात, मला कोणी हात लावत नाही, त्याच्याशी कोणी बोलत नाही. आम्ही दोघे एकमेकांकडे बघतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा, असे तुम्हाला नेहमीच सांगतात. मला धूळ सोसते, माझे काही बिघडत नाही. माझे मागणे वेगळे आहे. घरातले माणूस पुष्कळ दिवसांनी दारात आले, तर त्याला नव्याने विचारा. काय आवडते, कुठे दुखते, हा डाग कशाचा. तुम्हाला त्याचे सगळे पाठ असेल. तरी विचारा.

ठकी वर्षातून दोनदा येते. लांबून येते, रात्रीच्या आत परतावे लागते. दोघांनाही बोलता येत नाही. "काम?" "चाललंय." "तब्येत?" "बरी." मग दोघे खिडकीबाहेर बघतात. मग कारागीर भिंत चाचपत उठतो आणि मला काढतो.

"आण हात."

"बाबा, अंगठी आहे की बोटात."

"दुसरा आण."

ती हात देते. तो अंदाजाने चाचपून पहिली कडी शोधतो, बाळाच्या बोटाची, आणि तिच्या बोटाच्या टोकावर टेकवतो.

"अहो, एकपासून?" ठकी हसते. "संध्याकाळ होईल."

"होऊ दे," तो म्हणतो, आणि दुसरी कडी घेतो.