मावशीचा चहा

पहिली मुलगी झाली, तर चीनमध्ये, आमच्या हुनानच्या डोंगरात त्या काळी सरकारकडून आणखी एकाच अपत्याची मुभा असे. माझी शेजारीण सुयुन हिला दुसरीही मुलगीच झाली. सासूला नातू हवा होता. पुन्हा एक संधी मिळावी म्हणून सरकारदरबारी नोंद व्हायच्या आत बाळ दरीपलीकडे राहणाऱ्या थोरल्या बहिणीच्या, सुपिंगच्या ओटीत गेलं. सुपिंगला मूलबाळ नव्हतं.

नातू काही झालाच नाही.

दिलेल्या मुलीचं, मिआओचं, लग्न ठरलं. सुयुन मावशी म्हणून गेली. तिचा नवरा गुओछिंग मात्र यायला तयार होईना. "पोरीचं नाक माझ्यावर गेलंय," तो म्हणाला. "शेजारी बसलो की गाव ओळखेल."

लग्नाच्या सकाळी सुयुन स्वयंपाकघरात चिकट भाताचे लाडू वळत होती. मिआओ लाल झग्यातच आत आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"मावशी, मला दिलंत तेव्हा मी रडले होते?"

सुयुनचे हात थांबले. "तुला कुणी सांगितलं?"

"आईनंच. मागच्या हिवाळ्यात, आजारी होती तेव्हा."

"नाही रडलीस. झोपली होतीस."

"आणि तू?"

"मी परतताना पुलावर बसले होते. मग तुझा बाप मला घरी न्यायला आला."

मिआओनं तिच्या बोटांना चिकटलेला भात ओल्या फडक्यानं पुसला. "मी तुला आई म्हणणार नाही, मावशी. बाहेर माझी आई पाय सुजलेले असताना सगळ्यांना पानं वाढतेय. तिला वाईट वाटेल."

"म्हणूच नकोस," सुयुन म्हणाली. "मी त्यासाठी आले नाही."

वडीलधाऱ्यांना चहा द्यायची वेळ आली. नवरानवरी सुपिंग आणि तिच्या नवऱ्यापुढे गुडघ्यांवर बसली. सुपिंग ढसाढसा रडली. मग मिआओ सुयुनपाशी आली आणि उभ्यानंच वाकून, दोन्ही हातांनी पेला पुढे करून म्हणाली, "मावशी, चहा घ्या."

चहा फार गरम होता. सुयुननं तो एका दमात संपवला.

संध्याकाळी ती घरी आली. गुओछिंग अंगणात मिरच्या गोळा करत होता. त्यानं मान वर केली नाही.

"नाक अजून तसंच आहे का गं?"

"पावडर लावली होती," सुयुन म्हणाली. "नीटसं दिसलं नाही."

ती त्याच्या शेजारी बसली आणि मिरच्या निवडू लागली.