दिसला तेवढा पत्ता

चष्म्यांच्या दुकानाचा मालक आपल्या मोबाईलवरची अक्षरं बोराएवढी करून ठेवतो, हे गिऱ्हाइकांना कळलं असतं तर धंदाच बसला असता. चष्मेवाल्यांनी ती गोष्ट व्यवस्थित झाकून ठेवली होती.

मंगळवारी सकाळी इस्पितळाच्या नावाने मेल आला. बायकोच्या कानाच्या ऑपरेशनसाठी गुरुवारची जागा रिकामी झाली आहे, चारपर्यंत होकार कळवा, नाहीतर ती पुढच्या रुग्णाला देऊ. याच निरोपाची दोघं आठ महिने वाट पाहत होती. बायकोला आता ओरडून बोललेलंही ऐकू येत नसे. ती ओठ बघून समजून घ्यायची.

पण गेल्याच महिन्यात अशाच एका मेलवर पार्सलवाल्यांचं नाव वाचून चष्मेवाल्यांनी आपली सगळी माहिती चोराच्या हातात दिली होती. सुनेने दोन दिवस खपून ते निस्तरलं आणि बजावलं, "बाबा, नाव कोणीही लावतं. नावावर बोट ठेवून मेल कुठून आला तो पत्ता बघायचा, शेवटपर्यंत."

त्यांनी बोट ठेवलं. पत्ता आला, पण निम्माच. पुढे तीन टिंबं. फोन आडवा केला, तरी टिंबं जागची हलेनात. अक्षरं सुनेने मोठी करून दिली होती, ती बारीक कुठून करायची हे यांना ठाऊक नव्हतं, आणि सून शाळेत शिकवत असताना फोन घेत नसे. दुकानभर भिंगं होती, पण जे दिसतच नाही त्याला भिंग काय करणार?

"मेला चोर परत आला वाटतं," म्हणत त्यांनी मेल पुसून टाकला.

"कोणाचा मेल होता?" दुकानात शेजारीच बसलेल्या बायकोने विचारलं.

"जाहिरात."

साडेतीनला एका बाईंच्या चष्म्याची डावी काच त्यांनी उजवीकडे बसवली, तेव्हा कुठे त्यांना कबूल करावं लागलं की आपल्या जिवाला चैन नाही. त्यांनी इस्पितळाचा जुना केसपेपर शोधला आणि त्यावरचा नंबर फिरवला.

"हो, आम्हीच पाठवला होता," पलीकडची बाई म्हणाली. "पुढच्यांना कळवायलाच घेत होते."

"नका कळवू. आम्ही येतोय."

मग बायकोसमोर बसून त्यांनी एकेक शब्द सावकाश उच्चारत सगळं सांगितलं, पुसून टाकल्याचंसुद्धा. ती रागावली नाही.

"ऐकू यायला लागलं, की बोलाल ना माझ्याशी?" ती म्हणाली. "हे सांगेपर्यंत सकाळपासून एकच शब्द बोलला होतात. तोही खोटा."