आईला ‘बस’ म्हणताना

लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनबद्दल सल्ला विचारायला माझ्याकडे पुष्कळ लोक येतात. आधी पोहायचं, मग ओल्या अंगाने सायकलवर बसायचं, सायकल ठेवली की पळत सुटायचं, आणि हे सगळं एका दमात, सकाळपासून दिवस कलेपर्यंत. मी यावरच पोट भरते. बाहेरच्या देशांतही जिंकून आलेय, त्यामुळे मी काही सांगितलं की लोक माना डोलावतात. माझा एकही सल्ला पहिल्या फटक्यात न ऐकलेली बाई जगात एकच आहे, आणि ती माझी आई.

आईचं नाव करुणा. बजाजनगरात आमचं घर. ती बरीच वर्षं वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगला होती आणि शिफ्टला सायकलवर जायची. आता काम सोडून ती घरीच असते. यंदाचा हंगाम संपवून मी सुट्टीला घरी आले, तर पहिल्याच दिवशी माझ्या ताटात भात वाढता वाढता ती म्हणाली, “आपल्याकडं तुझ्यावाली शर्यत व्हणार हाय म्हणं. मी नाव दिलं.”

पप्पांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, चेष्टा करतेय.

“आई, ती वॉर्डातली संगीत खुर्ची नाही. भले भले पुरुष रडतात तिथं.”

“रडू दे की. मला पव्हता येतं. बिडकीनला मामाच्या हिरीत डबा न बांधता पव्हत होते. सायकल येती. ऱ्हायलं पळायचं. लहानपणी तू आंघोळीला सापडत नव्हतीस तव्हा तुझ्यामागं कोण पळत होतं? तुझा बाप?”

पप्पांना मधे ओढलं की ते वरणात बघतात.

“पण कामून?” मी विचारलं. चिडले की मीही आईसारखीच बोलते.

आईने भाताचं पातेलं खाली ठेवलं. “तुझ्या शर्यतीला मी किती गावं हिंडले. शेवटाला टावेल घेऊन हुबी ऱ्हायची. लांबून तू दिसायचीस, एवढीशी, मग मोठी मोठी व्हत यायचीस. लई भारी वाटायचं बघ. मग मनात आलं, मला येताना कुणी बघितलं? मी कंपनीतून घरी यायचे तर समदे माझ्या पिशवीकडं बघायचे, नाय तर चुलीकडं. एकदा मी लांबून येते अन् तू हुबी ऱ्हा. बस, एवढंच.”

मी म्हटलं, “भात बस.” तिने आणखी एक डाव वाढला. आमच्या घरात ताटावर ‘बस’ म्हटल्याला काडीची किंमत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी आईची कोच झाले आणि आठवडाभरात माझा घसा बसला.

पोहण्यात अडचण नव्हती. पाण्यात ती माझ्यापेक्षा निवांत असते, फक्त मान वर काढून पोहते, शेजारीण काय म्हणतेय ते ऐकू यावं म्हणून. भांडण सुरू झालं ते खाण्यावरून. लांबच्या शर्यतीत भूक लागायच्या आधी खायचं असतं, सायकल चालवता चालवता, थोडं थोडं. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. हे मी तिला नाना तऱ्हांनी सांगितलं. तिच्या जर्सीच्या पाठीमागच्या खिशात खजूर आणि शेंगदाण्याचे लाडू भरून दिले. बिडकीनपर्यंत जाऊन परत आलो तर लाडू जसेच्या तसे.

“रस्त्यानं तोंड चालवत जाऊ व्हय?” आई म्हणाली. “ओळखीची माणसं भेटत्यात. राजेंद्ररावची बायको सायकलवर बसून बकाबका खाती म्हणतील.”

“म्हणू दे.”

“तुझं काय जातंय म्हणायला.”

पुढच्या रविवारी त्याच रस्त्यावर, ऊन चढल्यावर, तिची सायकल माझ्यासमोर डुलायला लागली. मी ओरडेपर्यंत ती रस्त्याच्या कडेला उतरली आणि मातीत बसली. ओठ पांढरे पडलेले. खिशात लाडू तसेच. मी तिच्या तोंडात लाडू कोंबत होते आणि एकीकडे तिला शिव्या देत होते, कारण मी घाबरले होते. इतकी मी कुठल्याच शर्यतीत घाबरलेली नाही. एका जुन्या ओळखीच्या भाजीवाल्याने गाडी थांबवून विचारलं, “काय झालं वहिनी?” तेव्हा आईने भरल्या तोंडाने त्याला “जयभीम” केला आणि म्हणाली, “काय नाय, ही पोरगी खाऊ घालतीया.”

त्या दिवसापासून ती रस्त्यावर खायला लागली. पण मी एक अट घातली. “शर्यतीत मी कोच आहे. तू डुलताना दिसलीस आणि मी थांब म्हटलं की थांबायचं. तिथं वाद नाही. नाहीतर मी तुला जाऊच देणार नाही.”

“थांब नको म्हणू,” आई म्हणाली. “थांब तर समदेच म्हणत्यात. तू ‘बस’ म्हण. तुझं ‘बस’ मी ताटावर कधी ऐकलं नाय, पण रस्त्यावर ऐकीन. तुझ्या गळ्याची आण.”

मी हो म्हटलं. जगभर फिरलेली, पोटासाठी शर्यती करणारी मी, मला त्या वेळी जराही कळलं नाही की आपण काय ठरवून बसलोय.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही एवढ्या-तेवढ्यावरून भांडलो. शर्यतीच्या दिवशी अंगावर नवीन काही घालायचं नाही, हा तर अगदी पहिल्या इयत्तेतला धडा. जुने बूट, जुने मोजे, सवयीचं सगळं. आईने नवे कोरे मोजे काढून ठेवले होते.

“एवढा मोठा दिवस अन् जुने मोजे घालू? लोक लग्नाला नवं घेत्यात.”

“लग्नात पळायचं नसतं, आई.”

“माझ्या लग्नात पळायला पायजे व्हतं,” असं ती पप्पांकडे बघून म्हणाली आणि जुने मोजे घेऊन आत गेली. पप्पा हसले. मला वाटतं, त्या बाईवर ते अजून लट्टू आहेत.

शर्यत पैठणला धरणाच्या पाण्यातून सुरू झाली. पोहून झालं की सायकल बिडकीनवरून शहर ओलांडून दौलताबादचा घाट चढायची, वर खुलताबादला सायकल ठेवायची आणि तिथल्या माळावर पळण्याच्या फेऱ्या. दिवस मावळायच्या आत शेवटची रेघ ओलांडायची, नंतर येणाऱ्याला मोजत नाहीत. आई पाण्यातून बाहेर आली तेव्हा मागे अजून बरेच लोक होते. मी काठावर उड्या मारत होते. तिने मला बघून हात केला आणि विचारलं, “पप्पांनी चहा घेतला का?”

मग मी आणि पप्पा गाडी घेऊन घाटात जाऊन थांबलो. पप्पा खालच्या बाजूला, मी वरच्या वळणावर. शर्यतीत बाहेरच्या माणसाने हात लावायचा नसतो, पाण्याचा घोटसुद्धा द्यायचा नसतो. फक्त ओरडता येतं. तेवढं मला येतं.

घाटातला माझा सल्ला एकच. चढावर सीटवरून उठायचं नाही. उभं राहून पायडल मारलं की जोर आल्यासारखं वाटतं, पण मांड्या जळून जातात आणि मग पळायला काही उरत नाही. हलक्या गिअरवर, सीटवर बसून, म्हाताऱ्या बैलाच्या चालीने वर यायचं. आईला हे कधी जमलं नाही. कंपनीतून येताना पीठ-तांदूळ लादून ती पुलाच्या चढावर उभीच राहायची. सरावात मी मागून ओरडत असायचे, “खाली बस! खाली बस!”

आई दिसली. एवढीशी, खालच्या वळणावर. मग मोठी होत आली. चेहरा लाल, पण डोळे स्वच्छ, सायकल सरळ. छान येत होती. मला फार आनंद झाला. आणि नेमकी त्याच क्षणी ती सीटवरून उठली आणि उभी राहून पायडल मारायला लागली.

“आई, खाली बस!” मी ओरडले. पण शेजारून एक ट्रक हॉर्न देत गेला आणि ‘खाली’ त्याच्याखाली गेलं. मी आणखी जोरात ओरडले, “बस! आई, बस! बस!”

आईने माझ्याकडे बघितलं. ब्रेक दाबला. सायकलवरून उतरली, सायकल नीट कठड्याला टेकवली, हेल्मेट काढलं आणि कठड्यावर बसली.

मी पळत खाली गेले. तिच्यापासून हातभर लांब थांबले, हात पाठीमागे बांधून, चुकून लागायला नको म्हणून. ती रडत होती. आईला मी फार कमी वेळा रडताना पाहिलंय. बिडकीनच्या रस्त्यावर चक्कर आली तेव्हाही ती रडली नव्हती.

“मला बरं वाटत व्हतं गं,” ती म्हणाली. “अजिबात चक्कर नव्हती. लाडू बी खाल्ले. पण तू बस म्हणलीस. तुला माझं काय तरी दिसलं आसंल.”

तिला वाटत होतं आपण ठणठणीत आहोत. तरी ती उतरली, कारण मी म्हटलं. जन्मभर माझं एक न ऐकणारी बाई, आणि ऐकलं ते हे.

“अगं, सीटवर बस म्हणत होते मी! सीटवर!”

आईने पदर नसल्यामुळे बाहीने डोळे पुसले. तिचा चेहरा बदलत गेला.

“मंग सीट म्हण की मेले! बस काय बस! एवढं शिकलीस, दुनिया हिंडलीस, अन् एक शब्द नीट बोलता येत नाय तुला?”

“शब्द तू ठरवलास!”

“अन् तू हो म्हणलीस! कोच कोण हाय?”

खालून पप्पा धापा टाकत आले. “काय झालं?” त्यांनी विचारलं. आम्ही दोघी एकदम त्यांच्यावर ओरडलो.

तेवढ्या वेळात आईच्या मागचे बरेच जण पुढे निघून गेले होते. तिने उठून हेल्मेट डोक्यावर घातलं. मी ओरडले, “हेल्मेटचा पट्टा!” तिने पट्टा लावला. चढावर थांबलेली सायकल पुन्हा सुरू करणं फार वाईट. पाठीवर नुसता हात ठेवला असता तरी ती निघाली असती, पण तेवढ्यानेही तिला बाद केलं असतं. मी हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले. आईने सायकल हाताने ढकलत वळणापर्यंत नेली, तिथे जरा सपाट होतं, आणि वर चढून निघाली. वळणाआड जाताना तिने मागे न बघता मला ऐकू येईल असं म्हटलं, “बसलीया बघ!”

पुढे दुपारभर मी शेवटच्या रेघेजवळ होते. उन्हं उतरायला लागली. आयोजकांचा माणूस दोनदा बोलवायला आला, बक्षिसं वाटायला स्टेजवर चला म्हणून. प्रमुख पाहुणी मीच होते. मी म्हटलं, नंतर. तो म्हणाला, मॅडम, लोक खोळंबलेत. मी म्हटलं, मी पण. तो बिचारा गेला. माझं बोलणं जरा तिखटच झालं असेल, पण त्या माळाच्या रस्त्यावरून मला नजर काढता येत नव्हती. माणसं येत होती आणि त्यात माझी आई नव्हती. प्रत्येक लहान ठिपका आईच वाटायचा आणि जवळ आला की दुसरंच कुणी निघायचं. स्वतःच्या शर्यतीत मला वाट बघायचा हा त्रास कधी माहीत नव्हता. आई हे इतकी वर्षं कसं करत होती कोण जाणे.

पप्पा टॉवेल घेऊन उभे होते. मी तो ओढून घेतला. “मी धरणार.”

“धर,” पप्पा म्हणाले. “पण दोन्ही हातांनी धर. ती तसाच धरती.”

सूर्य टेकायला आला तेव्हा लांब रस्त्यावर काहीतरी हललं. एवढंसं. त्याची चाल मला ओळखू आली. डावा पाय जरा फेकून, कंपनीची शिफ्ट सुटल्यावर गेटकडे यायची तशी. मोठी मोठी होत आली. मी ओरडायला तोंड उघडलं आणि नुसतं “आई” म्हटलं.

ती आली. रेघ चार पावलांवर राहिली, आणि आई थांबली.

“आई! चल! वेळ संपतेय!”

ती हलेना. कमरेवर हात ठेवून, धापा टाकत, ती माझ्याकडे बघत राहिली. टॉवेल धरलेल्या माझ्या हातांकडे, माझ्या तोंडाकडे. मी रडत होते, हे मला तिच्या बघण्यावरून कळलं.

“आई, पाया पडते, रेघ ओलांड आधी!”

“थांब गं,” ती म्हणाली. “बघू दे मला नीट. मी अशी दिसायचे व्हय तुला?”

“अशीच.”

आईने मान हलवली. मग तिने सावकाश, जुन्या मोज्यांतले पाय उचलत, ती चार पावलं टाकली. घड्याळ अजून चालू होतं. उरलेला वेळ तिने माझ्याकडे बघण्यात घालवला होता. मी टॉवेल तिच्या खांद्यांवर टाकला आणि तिला मिठीत घेतलं. तिच्या अंगाला मिठाचा आणि शेंगदाण्याचा वास येत होता.

“आता म्हण,” ती माझ्या कानाजवळ म्हणाली.

“काय?”

“ते तुझं. आता ऐकते.”

पप्पांनी कुठूनतरी खुर्ची आणून मागे लावली होती.

“बस, आई,” मी म्हटलं. आणि आई बसली.