बर्फाच्या ट्रकवर दोन्ही पक्षांचा खटला

मित्रांनो, पुढे लोखंडी पातं, पाठीवर बर्फ वितळवणाऱ्या मीठ-वाळूचा डबा आणि पोटात सत्तावीस वर्षांचं खोकणारं इंजिन, असा जो तुमच्यासमोर उभा आहे, तो अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या वेस्ट हॅलम गावाचा बर्फ हटवणारा ट्रक. माझा रंग नारिंगी. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यावरूनही भांडणं झाली.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. मी गावात आलो त्या दिवशी शाळेला अर्धी सुटी दिली होती. तेव्हापासून माझं चाक ऑरिन पेल्कीच्या हातात आहे. कळा लागलेल्या बाया, तापानं फणफणलेली पोरं, दुधाच्या गाड्या, सगळ्यांना आम्ही दोघांनी वाट करून दिली. कोण कुठल्या पक्षाचा, हे विचारायला आम्हाला फुरसतच नसायची.

मग ती निवडणूक आली. टेकडीच्या रस्त्यावर समोरासमोर दोन घरं आहेत. एक वर्ना हॉइटचं, ती रिपब्लिकन. दुसरं लुसिल ग्रेनियरचं, ती डेमोक्रॅट. चाळीस वर्षांच्या मैत्रिणी. पण त्या वर्षी दोघींनी रस्त्याच्या कडेला आपापल्या उमेदवाराची पाटी रोवली आणि बोलणं टाकलं.

मतदानाला पाच दिवस असताना बर्फ पडला. आता माझी रीत ऐका. मी ज्या बाजूनं जातो, त्याच बाजूच्या कडेला बर्फ लोटतो. सकाळी टेकडी चढलो तो वर्नाच्या बाजूनं, आणि तिची पाटी गाडली गेली. माथ्यावर पोहोचलो तर माझी तेलाची नळी फुटली. ऑरिन तीन तास ती दुरुस्त करत बसला. इकडे वर्नानं फोटो काढला: तिची पाटी गडप, लुसिलची ताठ उभी. गावाच्या फेसबुक पानावर तिनं लिहिलं, "बघा! बर्फाचा ट्रक डेमोक्रॅटांना फितूर झाला!"

दुपारी मी लुसिलच्या बाजूनं उतरलो आणि तिची पाटी गाडली. तोवर वर्नानं स्वतःची उकरून, झाडून-पुसून उभी केली होती. झालं! लुसिलनं फोटो टाकला, "ट्रक रिपब्लिकनांनी विकत घेतला!"

एका दिवसात मी दोन्ही पक्षांत जाऊन आलो, मित्रांनो. मुरलेल्या पुढाऱ्यालाही हे जमायचं नाही. कुणी म्हणे माझ्या दिव्यात कॅमेरा आहे. कुणी म्हणे मी मीठ टाकतच नाही, माणसाचं मत फिरवणारी पूड टाकतो. नारिंगी रंग ही तर म्हणे गुप्त खूण! टेक्सासमधल्या एका गृहस्थानं, ज्यानं जन्मात बर्फ पाहिला नसावा, माझी चौकशी करा म्हणून ओरड केली. ऑरिन हे सगळं फोनवर वाचायचा आणि फोन खिशात टाकून किल्ली फिरवायचा. चर्चमध्ये त्याच्या बायकोशेजारी कुणी बसेना. मला फार वाईट वाटायचं हो.

मार्चमध्ये गावसभा भरली. आमच्याकडे वर्षाचे सगळे निर्णय गाव एका खोलीत बसून, हात वर करून घेतं, आणि दुपारी घरून आणलेला घेवडा आणि सफरचंदाची गोड पाई खातं. सातवा विषय होता: ऑरिनला काढून टाकणं आणि ट्रक भंगारात देणं. दोन्ही पक्षांचं एकमत झालेली त्या वर्षातली ही एकच गोष्ट. मी खिडकीबाहेर उभा राहून ऐकत होतो.

सभा सुरू झाली आणि बर्फही सुरू झाला.

"सभापती, मी रस्ते काढायला जाऊ?" ऑरिननं विचारलं.

"बस खाली! आधी जबाब दे," वर्ना म्हणाली.

"पळायचा डाव आहे त्याचा," लुसिल म्हणाली.

चार तास आरोप चालले. पाई संपली तेव्हा कुणीतरी काच पुसून बाहेर पाहिलं. "अरे, माझी गाडी कुठाय?"

सभापती खाकरले. "ऑरिन, जरा बघतोस का बाबा?"

"नाही बघत," ऑरिन म्हणाला. इतका वेळ बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "आधी कुणाचं दार मोकळं केलं, यावरून उद्या पुन्हा बोंब ठोकाल. मतमोजणीला बसवता तसा प्रत्येक पक्षाचा एक निरीक्षक माझ्या गाडीत बसवा. तरच किल्ली फिरवतो."

अशा त्या दोघी माझ्या एकाच बाकावर आल्या. मध्ये अवजारांची पेटी ठेवून बसल्या. टेकडी चढताना वर्नाच्या घरासमोरची, रस्त्याकडेची टपालपेटी बर्फाखाली गेली.

"बघ, बघ! माझीच!"

"कानाशी काय ओरडतेस गं?"

माथ्यावरून वळून उतरलो, तर लुसिलची टपालपेटी गेली.

"अगं बाई! माझी पण?"

वर्नानं मागे वळून रस्त्याच्या दोन्ही कडा पाहिल्या. मग म्हणाली, "म्हणजे हा दोघींनाही गाडतो?"

"सत्तावीस वर्षं," ऑरिन म्हणाला. "त्या दिवशी मध्ये नळी फुटली होती. सांगितलं असतं, पण कुणी विचारलंच नाही."

"आणि मी तुला विकलेला म्हटलं," लुसिल पुटपुटली. "लाज वाटते रे मला."

परत आल्यावर दोघींनी उभं राहून सगळं सांगितलं आणि सातवा विषय बारगळला. वर्नानं फेसबुकवरही खरं काय ते लिहिलं. तिचा पहिला फोटो नऊ राज्यांत फिरला होता. या खऱ्या गोष्टीला सहा अंगठे मिळाले, त्यातला एक ऑरिनच्या बायकोचा. खाली टेक्सासच्या त्या गृहस्थानं लिहिलं, "ही बाई पण फुटली!"

वर्ना फोन घेऊन रस्ता ओलांडून गेली. "लुसिल, मी फुटले म्हणे!"

"मलाही फितूर म्हणतायत गं, आमच्याच पक्षाचे. ये आत."

त्यांचं जमलं. माझंही भंगार टळलं. पण ऑरिन पूर्वी फेरी संपली की दुकानात तासभर गप्पा मारत कॉफी प्यायचा. आता घरून थर्मास आणतो आणि माझ्याच बाकावर एकटा बसून पितो. लोक काचेवर टकटक करून बोलावतात, तो हसून मान हलवतो.

मित्रांनो, माझं पातं वाकलं तर हातोड्यानं सरळ होतं. माणसाचं तसं नसतं. म्हणून कुणाबद्दल काही लिहायच्या आधी त्याच्या घरी जाऊन एकदा विचारा. रस्ता मी मोकळा करून ठेवतो.