दाढेखालचा दाणा

आमच्या ह्यांचं कुठलंही म्हणणं मी सुखासुखी मान्य केलेलं नाही, एक सोडून. गहू कधी कापायचा ते हे सांगायचे आणि मी गप्प बसायचे.

शेताच्या मधोमध जायचं, ओंबी तळहातावर चोळायची, फुंकर मारून फोलपट उडवायचं आणि एक दाणा मागच्या दाढेखाली धरायचा. दाणा मऊ चिरडला तर ओला. कट्ट वाजून फुटला तर तयार. पण कट्टातही प्रकार असतात म्हणे. हे मान जराशी तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "दोन उन्हं खाऊ दे." दोन उन्हांनंतर हार्वेस्टर यायचा आणि गहू खडखडीत निघायचा.

या हिवाळ्यात ह्यांचे उरलेसुरले दात काढले आणि कवळी आली. कवळीने हे चांगलेच देखणे दिसायला लागले, आणि मी ते तोंडावर सांगितलंही. एरवी माझ्याकडून असं काही ऐकायला मिळत नाही, पण हे नुसते हसले.

मग एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "यंदाचा गहू शेवटचा. पुढच्या पेरणीला सगळं रान गवताला घालू."

"आपलं कुरण आहे की! आणखी गवत कोण खाणार, मी?"

"गाई वाढवू. गवताची कटकट नसते."

ज्या माणसाने लग्नानंतर मला पहिलं फिरायला नेलं ते गव्हात, त्याला आता गव्हाची कटकट! मला राग आला. रागाच्या खाली भीतीही होती. या वयात माणूस एकेक गोष्ट सोडायला लागला की पुढे काय सोडेल त्याचा नेम नसतो.

गवताच्या कापणीत मात्र ह्यांचं काहीच बिघडलेलं नव्हतं. कुरण फुलोऱ्यावर आलं तसं लगेच कापून घेतलं. बी धरलं की काडी निबर होते आणि गाई तोंड फिरवतात. गवत पसरलं, उलटवलं, मूठभर घेऊन पिळून पाहिलं, ओल हाताला लागली नाही तशी "भरा" म्हणाले. एकदाच, ठामपणे.

आणि गहू पिवळा झाल्यावर याच माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी शेतात जायचे आणि दाणे मुठीत घेऊन तसेच परत यायचे. हार्वेस्टरवाल्याचे फोनवर फोन.

"काका, कधी येऊ? एकदा पुढे गेलो की सगळ्यांची शेतं उरकूनच परत फिरणार."

"सांगतो," हे म्हणायचे, आणि फोन ठेवून उगाच गोठा झाडायला जायचे.

ओला गहू कापला तर कोठीत तापतो, बुरशी धरतो. उभा ठेवावा आणि वर पाऊस पडावा, तर ओंबीतच मोड येतात. आभाळात ढग दिसायला लागले होते. मी विचारलं की हे खेकसायचे.

एके संध्याकाळी मी ह्यांची कवळी धुवायला घेतली. तिच्या खाचेत गव्हाचा कोंडा अडकला होता, खूप. म्हणजे हे रोज चावून बघत होते आणि कळत काहीच नव्हतं. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, इथे गहू होता आणि दात नव्हते. आणि ते मला सांगायची ह्यांना लाज वाटली. मला, जी रोज ह्यांची कवळी धुते! हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांचा डोळा लागला तशी मी शेतात गेले. ओंबी चोळली, फुंकली, दाणा दाढेखाली धरला. कट्ट. आणखी एक. कट्ट.

"चोरून गहू खातेस?"

मागे हे उभे. गडबडीत कवळी घरीच राहिलेली, गाल आत गेलेले.

"खात नाही, तुमचं काम करतेय," मी म्हणाले आणि जीभ चावली.

ह्यांचा चेहरा उतरला. "कळलं तुला?"

"कवळी मीच धुते ना."

"दाणा फुटतो गं, पण काही बोलत नाही. दुसऱ्याच कुणाच्या तोंडात फुटल्यासारखा वाटतो."

"मग सांगायचं ना! रान गवताला घालायला निघालात. मला वाटलं, गव्हावरून मन उडालं, आता सगळ्यावरूनच उडणार. माझ्यावरूनही." आणि मला रडू आलं. रडणं मला शोभत नाही, पण आलं.

हे जवळ आले. "बरं, काय म्हणतोय?"

"कट्ट म्हणतोय. बोलवा मशीन."

"थांब." ह्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कान माझ्या गालाला लावला. "चाव."

"अहो, रस्त्यावरून कुणी बघेल."

"बघू दे. चाव."

मी दाणा चावला. ह्यांची दाढी टोचत होती. हे डोळे मिटून, श्वास रोखून ऐकत होते. मग आम्ही सखल भागात गेलो, बांधाकडेच्या उंचवट्यावर गेलो, आणि प्रत्येक ठिकाणी मी चावत होते नि हे गालाला कान लावत होते. शेवटी ह्यांची मान जराशी तिरकी झाली.

"आत ओल आहे अजून. तू ऐकलंस ते नुसतं साल. उद्याचं ऊन खाऊ दे, दुपारनंतर कापू."

तोच जुना आवाज. वाद घालायचं माझ्या मनातही आलं नाही.

हार्वेस्टरवाल्याला हे तिथूनच फोन लावून बोलले, आणि या वेळी "सांगतो" म्हणाले नाहीत. पाऊस आला तेव्हा गहू कोठीत होता, खडखडीत. माझी दाढ मात्र दुखत होती. मी गालाला हात लावून बसले होते, तेवढ्यात हे शेजारी येऊन टेकले.

"पुढच्या वर्षी गहूच," म्हणाले. "तुझ्या दाढा सांभाळ."

"आणि माझ्याही पडल्या तर?"

"मग सगळं रान गवताला घालू," हे म्हणाले, "आणि दोघं मिळून रवंथ करत बसू."