एका शेपटीचे बावीस शब्द

दारव्ह्याच्या आरोग्य कचेरीच्या ओसरीवर भावसिंग खांबाला टेकून उभा होता आणि त्याचे ओठ अखंड हलत होते. सन एकोणीसशे त्रेसष्टचा फाल्गुन मास चालू होता. देवीची टोचणी करणाऱ्याची एक जागा रिकामी होती, तिच्यासाठी सात उमेदवार जमले होते, आणि साहेब इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारतात अशी वार्ता सर्वांच्या कानी आलेली होती.

बाकावर लोहारा गावचा रामधन बसला होता. तो मॅट्रिकपर्यंत पोहोचलेला, म्हणून निर्धास्त. भावसिंगाकडे बराच वेळ पाहून तो म्हणाला, "काहून भाऊ, जप करून राह्यला का? साहेब काही परसाद वाटनार नाही."

भावसिंगाने त्यास हाताने गप्प केले, कारण बोलला असता तर त्याला पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागली असती.

याचे कारण असे. भावसिंग सातवी पास होता आणि इंग्रजी त्याला अक्षरओळखीपुरतेच येत होते. शेजारच्या गावचे बळीराम गुरुजी, ज्यांच्या घराने सहा-सात वर्षांमागे बुद्धाचा धर्म स्वीकारला होता, त्यांनी दोन महिने त्याला शिकविले. इंग्रजी शब्द एकेकटा धरशील तर निसटेल, ते म्हणाले, तेव्हा शेपटीला धर. ज्यांची शेपटी 'शन' ते सारे एका घरचे. असे बावीस शब्द त्यांनी अर्थांसह वहीत लिहून दिले. परंतु भावसिंगाने ते पाठ केले स्वतःच्या रीतीने. त्याच्या तांड्यावर, म्हणजे बंजाऱ्यांच्या वस्तीवर, भाट येतो आणि कुळाच्या पिढ्या म्हणतो. मूळपुरुषापासून निघून एकही नाव न गाळता तो खाली उतरतो, आणि मध्ये कुणी अडविले तर पुन्हा मूळपुरुषापाशी जातो, कारण मधलेच नाव उचलणे हा पूर्वजांचा अपमान होय. भावसिंगानेही शब्दांची अशीच वंशावळ रचली. स्टेशन हा मूळपुरुष. त्याच्यामागे रेशन, पिटिशन, इलेक्शन, इन्स्पेक्शन, आणि सर्वांत शेवटी, बाविसावा, नोटिफिकेशन.

त्या बाविसाव्या शब्दाने चार दिवसांपासून त्याच्या जिवाला घोर लावला होता.

घरी थोरल्या भावाची मुलगी जमनी तापाने फणफणली होती आणि तिच्या अंगावर फोड उठले होते. तिची आई, म्हणजे भावसिंगाची भोजाई हंसाबाई, हिने दारास कडुनिंब बांधला, फोडणी बंद केली आणि मायबाई, म्हणजे देवी, घरी आली आहे, कोणाला सांगायचे नाही, असे सर्वांना बजावले. गेल्या साली टोचणीवाला आला तेव्हा तिनेच दोन्ही पोरींना तुरीच्या शेतात नेऊन लपविले होते. आणि नोटिफिकेशन म्हणजे रोगाची खबर सरकारला तत्काळ देणे. तो शब्द शिकविताना गुरुजींनी वहीवर बोट आपटून सांगितले होते की जो खबर दडवितो त्याला या कामात जागा नाही. भावसिंगाने चार दिवस दडविली होती. आता सांगावी तर नोकरी जाणार, न सांगावी तर ती बहुधा मिळणार. 

पुकारा झाला. आत चष्म्याचे साहेब आणि एक कारकून बसले होते. साहेबांनी दंडावरील टोचणीचा वण पाहिला आणि एकदम मधलाच शब्द विचारला, आयसोलेशन. भावसिंग मनातल्या मनात स्टेशनावरून निघाला. साहेब पेन्सिल वाजवू लागले. आयसोलेशन अठरावा होता. तेथवर पोहोचून त्याने उत्तर दिले, रोग्यास इतरांपासून वेगळे ठेवणे, तेव्हा कारकुनाने जांभई दिली होती.

इतका उशीर का, असे साहेबांनी विचारले. भावसिंगाने खरी हकिगत सांगितली. साहेबांना हसू आले. "बरे, मग मूळपुरुषापासूनच होऊ द्या. मोठ्याने."

भावसिंगाने डोळे मिटले आणि आरंभ केला. स्टेशन, गाडी थांबण्याची जागा. रेशन, शिधा. पिटिशन, अर्ज. शब्दामागून शब्द येत गेला आणि अर्थही न अडखळता येत गेले. इन्फेक्शन, संसर्ग. व्हॅक्सिनेशन, टोचणी. कारकून हातातील टाक थांबवून ऐकू लागला. एकविसावा झाला आणि भावसिंग थांबला.

"एक राहिला," साहेब म्हणाले. "विसरलात का? एकाने काही बिघडत नाही."

विसरलो असे म्हणण्याची वाट त्यांनीच मोकळी करून दिली होती. 

"नोटिफिकेशन," तो म्हणाला. "रोगाची खबर सरकारला तत्काळ देणे."

साहेबांनी समाधानाने मान हलविली, कारकुनाने नाव व गाव विचारून कागदावर उतरविले आणि त्यास जाण्याची खूण केली. भावसिंग जागचा हलला नाही.

"आता काय?"

"साहेब, माह्या घरीच हाये. भावाची पोरगी. आज चार दिस झाले."

साहेबांच्या चेहऱ्यावरील हसू मावळले. "या शब्दाचा अर्थ तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"दोन महिने झाले, साहेब."

साहेबांनी कागद पुढे ओढून त्याच्या नावावर रेघ मारली. ते रागावले नाहीत, आणि त्यामुळे भावसिंगाला अधिकच मेल्याहून मेल्यासारखे झाले. टोचणी न घेतलेली मुले तांड्यात किती, एवढेच त्यांनी विचारले. त्याने बोटे मोजून तेरा सांगितली. साहेबांनी जीप काढावयास सांगितली आणि औषधाची पेटी मांडीवर देऊन त्यास मागे बसविले.

तीन कोसांच्या वाटेत कोणी त्याच्याशी बोलले नाही. जीप तांड्यात शिरताच बायांनी पोरे उचलून आत नेली व दारे लावली. हंसाबाई मात्र स्वतःच्या दारात चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहिली.

"नोकरी लागली ना तुले?" ती म्हणाली. "म्हनून आनलं या साहेबायले माह्या दारात."

"नाही लागली, भोजाई."

तिचा विश्वास बसला नाही. तिने त्याच्या तोंडाकडे, मग साहेबांकडे, मग पुन्हा त्याच्याकडे पाहिले.

"मंग कायले आनलं?"

"जमनीच्या बाजूले कोन निजते?"

 जमनीच्या बाजूला निजत होती तिची धाकटी, दोन वर्षांची मानी. हंसाबाईचा एक हात चौकटीवरून हळूहळू खाली आला. भावसिंग तिला न शिवता आत गेला. कोपऱ्यात जमनी कण्हत होती आणि तिच्या उशाशी मानी मातीच्या बैलाशी खेळत बसली होती. त्याने तिला उचलून कडेवर घेतले व तिच्या कपाळावर तळवा ठेवला. कपाळ गरम लागले खरे. पण ते पोरीच्या अंगचे की दुपारच्या उन्हातून आलेल्या त्याच्याच तळव्याचे, हे त्याला काही केल्या उमजेना. त्याने दुसरा हात लावून पाहिला. बाहेर साहेब कागदावर लिहायला आजारी पोरीचे नाव विचारीत होते.